ग्राफिक्स कार्ड बदलताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा. ४५० वॅटच्या डब्यात खरे वॅट किती?

दिंडोरी : लग्नसराई ओसरली की तालुक्यातल्या फोटो स्टुडिओंचा दुसरा हंगाम सुरू होतो. हा हंगाम एडिटिंगचा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं सगळं शूटिंग आता फोर-केमध्ये होतं आणि पाच-सात वर्षांपूर्वीचा संगणक तेवढा व्हिडिओ ओढताना धापा टाकतो. रेंडर लावून झोपावं आणि सकाळी उठून पाहावं तर पट्टी अजून अर्ध्यावरच. मग कुणीतरी सुचवतं, ‘नवीन ग्राफिक्स कार्ड टाक, काम झटक्यात होईल.’

सल्ला चुकीचा नाही. तीस हजारांच्या आसपास मिळणारं मधल्या पल्ल्याचं कार्डही रेंडरचा वेळ बराच कमी करतं. कार्ड ऑनलाइन मागवलं जातं, कॅबिनेट उघडून बसवलं जातं, स्क्रीनही उजळते. पुढे कधीतरी रेंडर ऐन रंगात असताना संगणक खटकन बंद पडतो. पुन्हा सुरू केला की पुन्हा तेच. संशय अर्थातच नव्या कार्डवर जातो, कारण तेवढीच एक गोष्ट बदललेली असते.

खरं तर कार्ड घेण्याआधीच पाहायला हवा होता तो कॅबिनेटच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसी विजेची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी वीज करून ती संगणकाच्या प्रत्येक भागाला पोहोचवणं हे त्याचं काम. हा डबा कमी पडला तर संगणक बंद पडतो, एवढ्यावर ते थांबलं तर नशीब. हलक्या प्रतीचा एसएमपीएस जळताना बोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन जाऊ शकतो. त्या डिस्कवर गिऱ्हाइकाचं लग्न असतं. कार्ड पुन्हा विकत घेता येतं, लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

कार्डाला वीज येते कुठून?

ग्राफिक्स कार्डाला दोन वाटांनी वीज मिळते. पहिली वाट मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटची. तिथून जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्याहून अधिक लागत असेल तर एसएमपीएसमधून थेट आलेली केबल कार्डाला जोडावी लागते. सहा पिनी केबल ७५ वॅटसाठी, आठ पिनी केबल १५० वॅटसाठी. नव्या मोठ्या कार्डांना सोळा पिनांचा बारीक कनेक्टर असतो आणि तो ६०० वॅटपर्यंत जातो.

या आकड्यांवरून कार्डाची भूक दुकानातच ओळखता येते. जीटीएक्स १६५० साधारण ७५ वॅटचं कार्ड आहे, त्यामुळे त्याची अनेक मॉडेल वेगळ्या केबलशिवाय नुसत्या स्लॉटवर चालतात. आरटीएक्स ३०५० चं सहा जीबीचं मॉडेल ७० वॅटचं, आठ जीबीचं मात्र १३० वॅटचं. नाव एकच, वीज जवळपास दुप्पट. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरटीएक्स ५०६० ला १४५, ५०६० टीआयला १८०. एएमडीचं आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचं आणि आरएक्स ७६०० हे १६५ वॅटचं. सगळ्यात वरचं आरटीएक्स ५०९० तब्बल ५७५ वॅट घेतं.

स्लॉटची ७५ वॅटची मर्यादा कागदापुरती नाही, हे २०१६ मध्ये दिसलं. एएमडीने त्या वर्षी जूनमध्ये आरएक्स ४८० आणलं. कार्ड १५० वॅटचं आणि त्याला सहा पिनांची एकच केबल. म्हणजे ७५ स्लॉटचे, ७५ केबलचे, शिल्लक शून्य. ताण आला की हे कार्ड स्लॉटमधून ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढतं, असं चाचण्यांमध्ये आढळलं आणि काही दिवसांतच कंपनीला ड्रायव्हर बदलून ते आवरावं लागलं. काठोकाठ हिशेब केला की असं होतं.

‘४५०’ लिहिलंय, पण कुठले ४५०?

आपल्याकडे बरेच संगणक ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ असे घेतले जातात. कॅबिनेटसोबत डबा जवळपास फुकटच येतो. त्यावर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० छापलेलं असतं आणि मालक निर्धास्त होतो.

कॅबिनेटची बाजूची झाकणपट्टी उघडा आणि मोबाइलच्या टॉर्चने डब्याच्या अंगावरचं लेबल वाचा. त्यावर एक छोटा तक्ता असतो. +३.३व्ही, +५व्ही, +१२व्ही, −१२व्ही असे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर. यातला +१२व्हीचा रकाना महत्त्वाचा, कारण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच चालतात. १२ ला खालच्या अँपिअरने गुणा. ते तुमचे कामाचे वॅट.

समजा तिथे १६ए लिहिलं आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. डब्यावर ४५० छापलेलं असलं तरी कार्ड आणि प्रोसेसरच्या वाट्याला १९२ च येणार. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत मांडून बेरीज फुगवलेली असते आणि आजच्या संगणकाला त्या रकान्यांची फारशी गरज नसते. याउलट चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या सप्लायवर +१२व्हीखाली ४३ ते ४५ अँपिअर दिसतात, म्हणजे ५१६ ते ५४० वॅट. जवळपास सगळी ताकद जिथे हवी तिथे. हा एक गुणाकार केला तरी निम्मं काम होतं.

काही लेबलांवर +१२व्ही१ आणि +१२व्ही२ असे दोन रकाने असतात. त्यांचे अँपिअर सरळ मिळवू नका. शेजारी किंवा खाली दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त किती वॅट हे लिहिलेलं असतं, तोच आकडा धरा. आणि लेबलवर असा तक्ताच नसेल, नुसताच मोठा आकडा असेल, तर त्या डब्यावर नवं कार्ड चालवू नका. त्यात पुढे तपासण्यासारखं काही उरत नाही.

हिशेब करून पाहू

स्टुडिओत सहज सापडेल असा एक संगणक घेऊ. प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण ताणावर तो ७६ वॅटपर्यंत जातो. कार्ड आरटीएक्स ५०६०, म्हणजे १४५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, दोन हार्ड डिस्क आणि पंखे मिळून ढोबळमानाने ६० वॅट धरू. एकूण २८१.

मघाच्या १९२ वॅटच्या डब्यावर हे चालणार नाही, हे उघड आहे. गंमत अशी की सुरुवातीला ते चालतंही. विंडोज उघडतं, ब्राउझर चालतो, यूट्यूब चालतं, कारण तेव्हा कार्ड जेमतेम दहा-वीस वॅट घेत असतं. खरा भार रेंडर किंवा गेम सुरू झाल्यावरच येतो. त्यामुळे ‘लावून पाहिलं, व्यवस्थित चालू आहे’ या वाक्याला दुकानात अर्थ नाही.

इंटेलकडे आकड्यांची गफलत आणखी मोठी. कोअर आय५ १२४०० वर ६५ वॅट छापलेलं असतं, पण टर्बोमध्ये कंपनीच्याच माहितीनुसार तो ११७ पर्यंत जातो. त्याच्याबरोबर ५०६० टीआय लावलं तर ११७ अधिक १८० अधिक ६०, म्हणजे ३५७ वॅट.

मग कंपनी ५५० का सांगते?

२८१ वॅटच्या संगणकासाठी एनव्हीडिया ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. ५०६० टीआयसाठी ६००. हा जास्तीचा माल खपवण्याचा प्रकार वाटू शकतो, पण त्यामागे कारणं आहेत.

एक म्हणजे कंपनीला ग्राहकाचा प्रोसेसर कोणता, हे ठाऊक नसतं. त्यामुळे ती जास्त वीज खाणारा प्रोसेसर गृहीत धरते. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. कार्डाचे १४५ किंवा १८० वॅट ही सरासरी असते. प्रत्यक्षात कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. विहिरीवरची मोटर चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, तसाच काहीसा हा प्रकार. सरासरी हिशेबात बसणारा सप्लाय या उसळीला घाबरून स्वतःला बंद करतो. मोठ्या कार्डांमध्ये हा त्रास इतका वाढला की इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवं मानक आणलं. त्यानुसार सप्लायने अगदी अल्प काळासाठी, १०० मायक्रोसेकंदांपर्यंत, आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळी सहन केली पाहिजे. नवा सप्लाय घेणार असाल तर खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलंय का, ते पाहा.

तिसरं कारण हवामानाचं. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंश तापमानात किती वॅट मिळतील, ते सांगतात. हलक्या डब्याचा आकडा खरा असलाच तर तो थंड खोलीतला असतो. पत्र्याखालच्या दुकानात, मे महिन्याच्या दुपारी, धुळीने जाळी बुजलेली असताना तो आणखी खाली येतो.

याचा अर्थ ५५० च्या खाली काही चालतच नाही, असा नाही. चांगल्या कंपनीचा, १२ व्होल्टवर ३६ अँपिअर देणारा, दोन-तीन वर्षांचा ४५० वॅटचा सप्लाय असेल तर त्यावर ४०६० किंवा ५०६० निभावून जाईल. एएमडी तर आरएक्स ६६०० साठी स्वतःच ४५० सुचवते. आणि नाव नसलेल्या ७५० वॅटच्या डब्यापेक्षा असा ४५० केव्हाही बरा. वॅटपेक्षा डबा कुणाचा, याला जास्त वजन द्यायला हवं.

पिना जुळतात म्हणून लावू नका

वॅट पुरेसे असले तरी दुसरा प्रश्न केबलचा. कार्डाला आठ पिनी जागा आहे आणि एसएमपीएसमधून तशी केबलच येत नाही, असं झालं की बाजारात शंभर-दीडशे रुपयांत कन्व्हर्टर मिळतो. इथेच मोठा धोका आहे. हार्ड डिस्कच्या साटा केबलवरून सहा किंवा आठ पिना काढणारा कन्व्हर्टर वापरूच नये. साटा कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यातून ७५ किंवा १५० वॅट ओढले की आधी प्लॅस्टिक मऊ पडतं, मग काळं. खरं सांगायचं तर केबलच नसणं ही एसएमपीएसनेच दिलेली सूचना असते. हे कार्ड चालवण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

दुसरी गफलत आठ पिनांचीच. प्रोसेसरसाठी बोर्डाला जाणारी केबलही आठ पिनी असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा कार्डाच्या केबलच्या उलट असतात. ती सहसा ४+४ अशी दुभंगते, कार्डाची ६+२ अशी. कार्डाच्या केबलवर बहुधा ‘पीसीआय-ई’ लिहिलेलं असतं. कनेक्टर सहज बसत नसेल तर जोर लावू नका.

मॉड्युलर सप्लाय, म्हणजे ज्याच्या केबल सुट्या होतात, तो असेल तर जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या पिनेत काय, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो. केबल व्यवस्थित बसते आणि हार्ड डिस्कला १२ व्होल्ट नको त्या पिनेतून मिळतात. डेटा जाण्याचा हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण यात चूक लक्षात येईपर्यंत काम झालेलं असतं.

सोळा पिनांच्या कनेक्टरची गोष्ट बातम्यांतही आली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही ग्राहकांचे कनेक्टर वितळले. एनव्हीडियाने पुढच्या महिन्यात जगभरातून अशी साधारण ५० प्रकरणं आल्याचं सांगितलं आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे प्रमुख कारण असल्याचं म्हटलं. नंतर कनेक्टरची रचनाच सुधारण्यात आली. अर्धवट बसला तर इशाऱ्याच्या छोट्या पिना जुळत नाहीत आणि कार्ड पूर्ण वीज ओढत नाही. तरीही २०२५ मध्ये ५०९० बाबत पुन्हा तक्रारी आल्याच. दिंडोरीत कुणी ५०९० लावणार असेल तर त्याने सप्लायसोबत आलेलीच केबल वापरावी, कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबावा आणि पहिल्या ३५ मिलिमीटरमध्ये केबल वाकवू नये. बाकीच्यांना साध्या आठ पिनी कार्डात ही भानगड नाही.

ऑफिसातून आलेला डेस्कटॉप असेल तर

तालुक्याच्या गावांत एक वेगळीच अडचण दिसते. कंपन्यांनी काढून टाकलेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि अनेक विद्यार्थ्यांचा पहिला संगणक तोच असतो. मशीन दणकट असतं, सप्लायही प्रामाणिक असतो, पण तो २४० ते २९० वॅटचा. त्यात कार्डासाठी वेगळी केबल बहुधा नसते. ‘एसएमपीएस बदलून टाकू’ म्हणावं तर अनेक मॉडेलमध्ये बोर्डाचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसून कंपनीचा स्वतःचा असतो. डब्याचा आकारही वेगळा, त्यामुळे बाजारातला साधा सप्लाय ना बसतो ना जोडता येतो.

अशा मशीनसाठी सरळ उपाय म्हणजे ७५ वॅटच्या आतलं, वेगळी केबल न लागणारं कार्ड घेणं. जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५० सहा जीबी हे त्यातले समजूतदार पर्याय. कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचं मॉडेल बघावं लागेल. आरएक्स ६४०० ला तर ५३ वॅटच पुरतात, मात्र ते स्लॉटच्या चारच लेन वापरतं. त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचा वेग कमी पडतो. पहिल्यांदाच घेणाऱ्याला दुकानदार हे सांगेलच असं नाही.

यूपीएसचा हिशेब सगळे विसरतात

परदेशी यूट्यूबरच्या व्हिडिओत हिशेब एसएमपीएसपाशी संपतो. दिंडोरीत, वणीत, खेडगावात किंवा मळ्यातल्या वस्तीवर तो संपत नाही. इथे भिंत आणि एसएमपीएसच्या मध्ये यूपीएस असतो आणि भिंतीतली वीजही दिवसभर एकसारखी नसते.

घरोघरी दिसणारा यूपीएस ६०० व्हीएचा असतो. व्हीए म्हणजे वॅट नव्हेत. हा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार उचलतो. आता मघाचा २८१ वॅटचा संगणक घ्या. एसएमपीएस ८५ टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून तो ३३० वॅट ओढणार. मॉनिटरचे तीसेक वॅट धरा. झाले ३६०. यूपीएस अगदी काठावर. दुसरा, ३५७ वॅटचा संगणक तर या यूपीएसच्या पार बाहेर गेला. वीज असेपर्यंत काही कळत नाही. ऐन रेंडरमध्ये लाइट गेली की यूपीएस एक लांब शिट्टी मारतो आणि सगळं बंद. ज्यासाठी तो घेतला तेच काम तो करत नाही. अशा संगणकाला १,००० ते १,१०० व्हीएचा, म्हणजे साधारण ६०० ते ६६० वॅटचा यूपीएस लागतो. कार्डाच्या बजेटमध्ये ही रक्कम आधीच धरायला हवी.

यूपीएस मेनवरून बॅटरीवर जायला साधारण ६ ते १० मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसला आपल्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर तग धरावा लागतो. चांगला सप्लाय पूर्ण भारावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद टिकतो. हलक्या सप्लायमध्ये कपॅसिटर लहान असतात. जुन्या कार्डावर तो टिकत होता, नव्या कार्डाचा भार आल्यावर टिकत नाही. ‘यूपीएस आहे तरी लाइट गेली की पीसी रीस्टार्ट होतो’ या तक्रारीमागे हे कारण असू शकतं. घरातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर संगणक चालवत असाल तर नव्या पद्धतीच्या काही सप्लायचं त्याच्याशी पटत नाही, हेही लक्षात असू द्या. तिथे साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा यूपीएस घेतलेला चांगला.

दाबाचं तर विचारूच नका. द्राक्षबागांना पाणी सुरू झालं, ओळीने पंप चालू झाले की वस्तीवरच्या लाइनचा दाब खाली येतो, हे तालुक्यात कुणाला नव्याने सांगायला नको. दाब कमी झाला की एसएमपीएस तेवढेच वॅट देण्यासाठी जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. लेबलवर ‘इनपुट’पुढे काय लिहिलंय ते वाचा. १००–२४०व्ही असेल तर तो कमी दाब सहज झेलेल. २००–२४०व्ही असेल तर १८० व्होल्टवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. साध्या मल्टिमीटरने संध्याकाळी पंप चालू असताना एकदा दाब मोजून घ्यावा. तो सतत कमी मिळत असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, पायात चप्पल नसेल तर जास्त. अनेक ठिकाणी लोक याला ‘थोडा करंट येतो’ म्हणून सोडून देतात. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून गळणारी किंचित वीज जमिनीत जाते. नसेल तर ती पत्र्यावरच राहते आणि मल्टिमीटर तिथे शंभर-सव्वाशे व्होल्टही दाखवतो. म्हणजे तीन पिनी सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. अशा घरात एसएमपीएसचा काही बिघाड झाला तर सुरक्षेचा शेवटचा मार्गही बंद असतो. तीस हजारांचं कार्ड लावण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

८० प्लस म्हणजे दर्जाचा शिक्का नाही

खोक्यावरचं ‘८० प्लस ब्राँझ’, ‘गोल्ड’ हे शब्द विजेच्या बचतीबद्दल बोलतात. निम्म्या भारावर ब्राँझ सप्लाय साधारण ८५ टक्के आणि गोल्ड ९० टक्के वीज कामाला लावतो. बाकीची उष्णता होते. सप्लाय सुरक्षित आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. २०२०-२१ मध्ये गिगाबाइटचं ७५० वॅटचं एक गोल्ड मॉडेल चाचण्यांमध्ये आवाज करून जळत होतं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला ठरावीक मालिकेतले सप्लाय बदलून द्यावे लागले. तेव्हा मोठं नाव आणि गोल्डचा शिक्का पाहूनही नेमक्या मॉडेलची एखादी नीट केलेली चाचणी वाचलेली बरी. खोक्यावर ओव्हर व्होल्टेज, ओव्हर करंट आणि शॉर्ट सर्किट संरक्षणाचा उल्लेख हवाच.

भारतात विकल्या जाणाऱ्या सप्लायवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनी आणि वस्तूची नोंद दिसते. नोंद जुळली नाही तर तो डबा दुकानदाराला परत करा.

बाजारात चांगला ५५० वॅट ब्राँझ सप्लाय साधारण साडेतीन ते पाच हजारांना मिळतो. बजेट तीस हजारच असेल तर कार्ड एक पायरी खालचं घेऊन हा सप्लाय घेणं, हाच शहाणपणाचा सौदा.

बसवल्यानंतर काय पाहायचं?

एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून अर्धा तास रेंडर किंवा गेम चालवा. +१२व्हीचा आकडा ११.४ ते १२.६ च्या आत राहिला पाहिजे. भार आल्यावर तो सारखा ११.४ कडे घसरत असेल तर सप्लाय थकतोय. सॉफ्टवेअरचा आकडा कधी चुकतो, म्हणून शंका आली तर मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. संगणक अचानक बंद पडून सुरू झाला असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. तिचा अर्थ इतकाच, की विंडोजला न सांगता वीज तुटली. निळी स्क्रीन न येता थेट अंधार झाला आणि ही नोंद सापडली, तर कार्ड परत पाठवण्याआधी दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस लावून पाहा. जळका वास आला, कनेक्टर पिवळा-काळा दिसला, तर मात्र पुन्हा चालू करून पाहायचं नाही.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे-चारशे व्होल्ट काही काळ राहू शकतात. साफसफाई बाहेरून ब्लोअरने, प्लग काढून.

कार्ड आणि सप्लाय दोन्हींचं जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. जळाल्याच्या खुणा असलेलं कार्ड अनेक कंपन्यांच्या अटींनुसार वॉरंटीत बसत नाही. बसवण्यापूर्वी कनेक्टरचे आणि सप्लायच्या लेबलचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर पुढे वाद झाल्यास ते कामी येतात. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरही काही झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.